चढावरचा दगड आणि पेडल

उतारावर वेग असतो, म्हणून सगळे जपून असतात. पण पेडल दगडावर आपटण्याचा धोका चढावर आणि सपाट खडकाळ वाटेवर जास्त, कारण तिथे पाय सतत फिरत असतात. सिंहगडाजवळच्या एका सोंडेवर पावसाळा संपता संपता मला हे कळलं. वाट आडवी चढत होती, डोंगर डावीकडे, दरी उजवीकडे. गुडघाभर गवतात लपलेल्या कातळावर डावं पेडल खाली जाताना बसलं. वेग चालण्याइतकाच होता. तरी सायकल डावीकडून उचलली गेली आणि मी दरीच्या बाजूला फेकलो गेलो. झुडपांनी अडवलं, मनगट मात्र मोडलं.

सह्याद्रीतल्या वाटांवर हे पुन्हा पुन्हा घडतं. इथला काळा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी उघडा पडतो, आणि वीतभरापेक्षा कमी उंचीची ती पायरी चाक सहज ओलांडतं, पेडल ओलांडत नाही. म्हणून घरीच एकदा टेप घेऊन बसा. क्रँकचा मधला आस जमिनीपासून 340 मिलिमीटर असेल आणि क्रँक 175 ची, तर पेडलची जाडी धरून खाली साधारण 155 मिलिमीटर उरतात. दोन्ही सस्पेन्शनच्या सायकलवर तुम्ही नुसते बसलात तरी त्यातले तीन-चार सेंटिमीटर जातात. खड्ड्यात सस्पेन्शन आणखी दबलं की उरतं ते फारच थोडं.

म्हणूनच शॉकमधली हवा आधी तपासा. बसल्यावर शॉक एकूण चालीच्या 25 ते 30 टक्के दबावा. त्याहून जास्त दबत असेल तर हवा भरा, यात खर्च काहीच नाही. आखूड क्रँकचाही उपयोग होतो. 175 च्या जागी 165 लावली की खाली 10 मिलिमीटर मिळतात, सीट तेवढीच वर घ्यावी लागते. पण मी आधी पायांना वळण लावा असंच म्हणेन. सवय चुकीची असेल तर सेंटिमीटरभराने काही वाचत नाही.

ते वळण असं. पेडल मारत नसाल तेव्हा दोन्ही पेडल आडवी, एकाच पातळीत. वळणावर बाहेरचा पाय खाली, आतला वर. डोंगराच्या कुशीतून आडवं जाताना डोंगराकडचं पेडल वर. आणि दगडांतून चढायचं असेल तेव्हा पूर्ण फेरा मारायचाच नाही. पुढचा पाय थोडा दाबायचा, तळाशी पोचण्याआधी उलटा फिरवून वर आणायचा, पुन्हा दाबायचा. अशा अर्ध्या दाबांत चाक पुढे सरकायला हवं, म्हणून दगडांत शिरण्याआधीच एखादा गिअर जड करून घ्या, थोडा वेगही जमवा. इथे मागच्या हबची पकड महत्त्वाची ठरते. ती एका फेऱ्यात 18 ठिकाणीच बसत असेल तर चाक हलण्याआधी मागची दातेरी चकती 20 अंशांपर्यंत पोकळ फिरू शकते, 72 ठिकाणी बसत असेल तर जेमतेम 5.

नजर पुढच्या चाकावर नको, चार-पाच मीटर पुढे हवी. कुठल्या दगडाशी कुठला पाय वर असेल, हे तिथे पोचण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. सराव टेकडीवरच्या रुंद वाटेवर, दोन-चार दगड मांडून करा. दरीच्या कडेला नको. गवत वाढलेलं असेल आणि वाट ओळखीची नसेल, तर उतरून चाला.

पेडल जोरात आपटलंच तर लगेच पुढे निघू नका. पेडल हाताने फिरवून बघा. डगमगलं तर आस वाकलाय. क्रँक कार्बनची असेल तर पुसून नीट पाहा, चीर दिसली तर ती बदलायचीच. पेडल घट्ट आहे ना, हेही बघा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घाईत ते नेहमीसारखं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिळलं तर घट्ट होण्याऐवजी सुटेल.