एडिनबरातला गोरज मुहूर्त

प्रश्न : लेक एडिनबराला नोकरी करते. डिसेंबरात तिथेच वीस माणसांत लग्न आहे. आम्ही पुण्याहून जाणार. काय सांभाळावं?

उत्तर : आधी उजेड सांभाळा. तिथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आधीच मावळतो, म्हणजे गोरज मुहूर्त भर दुपारी! पुण्याचं पंचांग चालणार नाही. गुरुजींकडून एडिनबराच्या सूर्योदयावरून मुहूर्त काढून घ्या. होमासाठी हॉलची लेखी परवानगी हवी, धुराने अलार्म वाजतात. विवाहाची नोटीस रजिस्ट्रारकडे किमान 29 दिवस आधी पोहोचलीच पाहिजे. तुमच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी 3 महिने करता येतो, तेव्हाच करा. आणि आजींना नऊवारीखाली थर्मल, लोकरीचे मोजे द्या. अक्षता टाकायला हात उबदार हवेत.