गरोदरपणातील रक्तक्षय आणि सिकलसेल

पीक पिवळे पडले म्हणजे नत्राचीच उणीव असली पाहिजे, असे जाणता शेतकरी मानीत नाही. शेतात पाणी साचून मुळे गुदमरली तरीही पाने पिवळी पडतात आणि मग नुसत्या खताने गुण येत नाही. गरोदर स्त्रीच्या फिकटपणाचेही तसेच आहे.

गरोदरपणी रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमहून कमी असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. पुष्कळदा त्याचे कारण आहारातील लोहाची उणीव हे असते. त्यासाठी चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस देतात. ही गोळी चहाबरोबर घेऊ नये. आहारात लिंबू किंवा आवळा असावा.

परंतु गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार इत्यादी जिल्ह्यांत दुसरे कारणही आढळते, ते म्हणजे सिकलसेल. या आनुवंशिक रोगात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते; ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते. अशा रुग्ण स्त्रीस फॉलिक ॲसिड आवश्यक असते. लोह मात्र तपासणीअंती, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. नुसती वाहक असलेली स्त्री बहुधा निरोगी असते व तिला लोहाची उणीव असल्यास गोळ्या घेता येतात. रुग्ण कोण व वाहक कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या रक्तचाचणीने कळते.

रुग्ण स्त्रीने भरपूर पाणी प्यावे. रोवणीच्या दिवसांत गार पाण्यात तासन् तास उभे राहून काम करणे टाळावे. ताप, हाडांत वा छातीत वेदना, धाप लागणे यांपैकी काहीही होताच रुग्णालय गाठावे. ‘कामाचा शीण असेल’ असे म्हणून दिवस घालविणे माता व बालक या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे.

पतीचीही तपासणी अवश्य करावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेस अपत्य रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. हा दोष एकट्या स्त्रीच्या माथी मारणे सर्वस्वी चुकीचे होय. गर्भाची तपासणी लवकरच करावी लागते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच आरोग्यकेंद्रात नाव नोंदवावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात अशा तपासणीवरच भर आहे.

खत देण्यापूर्वी आपण माती तपासून घेतो. घरच्या लक्ष्मीचे रक्त तपासून घेण्यास विलंब का करावा?