पगारचिठ्ठी, निकाल आणि प्रबंध

कामगार कायद्यावर एलएलएम किंवा पीएचडी करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात, तेव्हा वहीत विषय बहुधा ठरलेलाच असतो: 'भारतातील कंत्राटी कामगारांचे हक्क : एक चिकित्सक अभ्यास'. राहायला कोणी मोशीत, कोणी चिखलीत, कोणी भोसरीत. वडील किंवा भाऊ कुठल्यातरी कंपनीत कामाला. आणि प्रबंधात मात्र एका कारखान्याचाही पत्ता नसतो. वकिली आणि शिकवणं अशा दोन डगरींवर हात ठेवून जे हाती लागलं, ते सांगतो.

१. विषयाला गाव आणि साल द्या.
'भारतातील' हा शब्द आधी खोडा. खेड तालुक्यातल्या महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी या गावांच्या हद्दीत वाहनांचे सुटे भाग करणारे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. त्यांच्यापुरता एकच प्रश्न घ्या: ठेकेदार बदलला, पण माणूस त्याच मशीनवर राहिला, तर कायद्याच्या लेखी त्याची नोकरी सलग धरायची की नाही? एवढ्या प्रश्नावर तीन वर्षं सहज जातात. विषय नक्की करण्याआधी 'शोधगंगा'वर जाऊन तोच प्रबंध आधी कोणी लिहिलाय का, हेही बघा. पुष्कळदा लिहिलेला असतो, आणि शीर्षकसुद्धा तेच असतं.

२. पगारचिठ्ठी वाचायला शिका.
निकाल वाचायला कॉलेजात शिकवतात, पगारचिठ्ठी वाचायला कोणी शिकवत नाही. वर ठेकेदाराचं नाव असतं, खाली हजेरीचे दिवस, मूळ पगार, महागाई भत्ता, पीएफ आणि ईएसआयची कपात. तिच्या शेजारी गेटपास ठेवा. त्यावर अनेकदा कंपनीचं नाव ठळक आणि ठेकेदाराचं बारीक अक्षरात. मग पीएफचं पासबुक उघडायला सांगा. यूएएन क्रमांक एकच राहतो, पण आस्थापना बदलली की मेंबर आयडी बदलतो. म्हणून कामगार कोणत्या ठेकेदाराकडे कधी लागला आणि कधी सुटला, याची रांग तिथे तारखांसकट दिसते. माणूस सांगतो, 'साहेब, मी सात वर्षं एकाच लाइनवर आहे.' पासबुकात चार ठेकेदार निघतात. संशोधनाचा प्रश्न या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

या कागदांना न्यायालयातही मोल आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-ब नुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की वर्षाची सलग सेवा धरली जाते. पण २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर, आणि त्याचं नुसतं प्रतिज्ञापत्र त्याला पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हदिमणी प्रकरणात म्हटलं. हजेरीचं रजिस्टर कंपनीच्या कपाटात, आणि पुरावा मागायचा कामगाराकडे! हे मला पटलेलं नाही. पण प्रबंधात 'पटत नाही' एवढं लिहून भागत नाही, का ते मांडावं लागतं.

कागद घेताना संमती घ्या, नावं आणि क्रमांक झाका. तुमच्या परिशिष्टामुळे कोणाचं गेट बंद होता कामा नये.

३. निकाल अजून टिकून आहे का, ते आधी पाहा.
१९९६ चा एअर इंडिया स्टॅच्युटरी कॉर्पोरेशनचा निकाल विद्यार्थ्यांचा फार लाडका. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली कंत्राटी पद्धत बंद केली की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे, असं तो म्हणतो आणि सुरेख म्हणतो. पण ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'स्टील अथॉरिटी' प्रकरणात तो फिरवला. आपोआप सामावून घेणं नाही. मात्र कंत्राट नुसता देखावा असेल, तर ते औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करता येतं. त्याच वर्षी 'सिप्ला' प्रकरणात ठरलं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित श्रमप्रथा कायद्याखाली तक्रार चालत नाही. आधी ते नातं दुसऱ्या मार्गाने सिद्ध करून या. इथल्या कंत्राटी कामगाराची वाट तिथे दुप्पट लांबली. हा निकाल न वाचता 'औद्योगिक न्यायालयात कंत्राटी कामगारांची प्रकरणं कमी का' यावर प्रकरण लिहिणारे मी पाहिले आहेत.

निकाल मुळातून वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर फुकट मिळतात. हेडनोट म्हणजे निकाल नव्हे. आणि चॅटजीपीटीने दिलेला संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय तळटिपेत घालू नका. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला.

४. न्यायालयापर्यंत न पोचलेला कायदा शोधा.
पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात कामगाराचं आयुष्य ठरतं ते वेतनकरारात, आणि ते करार कुठल्याही डेटाबेसमध्ये नसतात. १९४७ च्या कायद्यात मालक आणि युनियन यांनी आपापसात केलेला करार सही करणाऱ्यांनाच बांधतो, तर समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना. युनियनच्या कार्यालयात जुने करार फायलींत बांधून ठेवलेले असतात. चहा घ्या, बसा, मागा. कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी मुलांबद्दल त्यात एखादं कलम आहे का, हे मुद्दाम शोधा. बहुतेक वेळा नसतं, आणि तीही नोंदच.

प्रशिक्षणार्थ्यांचं तर वेगळंच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम १८ म्हणतं, उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. चाकणच्या कुठल्याही लाइनवर उभे राहा आणि कोण कायम, कोण ठेक्यावर, कोण शिकाऊ, हे हाताच्या कामावरून ओळखून दाखवा.

५. माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांत बसवा.
महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज दीडशे शब्दांचा आणि एकाच विषयाचा असावा लागतो. विद्यार्थी कुरकुरतात. मला तो नियम लेखनाचा धडा म्हणून आवडतो. 'कंत्राटी कामगारांची संपूर्ण माहिती द्यावी' असं विचारलं की उत्तर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे'. अमुक सालात अमुक तालुक्यात किती ठेकेदारांना परवाने दिले, असं विचारलं की आकडा येतो.

६. गुरुवारी भेटा.
पिंपरी-भोसरी-चाकणला बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. शिफ्ट सुटताना गेटवर प्रश्नावली घेऊन उभं राहिलात तर उत्तरं मिळतात, पण सुपरवायझर बघतोय हे लक्षात ठेवून दिलेली. खराबवाडीतल्या भाड्याच्या खोलीवर, नांदेड-लातूरच्या पोरांसोबत बसलात की तेच पोरगं वेगळं बोलतं.

७. प्रत्येक कायद्यावर तारीख टाका.
चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वर मी ज्या १९४७ च्या आणि १९७० च्या कायद्यांवर उभा आहे, त्यांची जागा आता संहितांनी घेतली. पण २०१९ सालच्या बडतर्फीचा प्रश्न २०१९ च्या कायद्याने तपासायचा असतो. राज्याची दुरुस्तीही बघा: १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याला मुळात वीस कामगारांची अट होती, महाराष्ट्राने ती पन्नास केली. पुण्यातल्या प्रबंधात आजही वीसच छापलेले दिसतात.

८. लिहिताना.
पहिल्या पानावर प्रश्न, दुसऱ्यावर तुमचं उत्तर. तळटीप वाचतानाच नोंदवा. मनूपासून सुरू होणारं 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' प्रकरण कोणी वाचत नाही, परीक्षकही नाही.

शेवटची विनंती. प्रबंध इंग्रजीत असेल, तर त्याचा चार पानी सारांश मराठीत करा आणि ज्यांच्या चिठ्ठ्या, पासबुकं, करार वाचले, त्यांना नेऊन द्या. विद्यापीठाच्या नियमात हे नाही. तरी करा.