शरीरांतील कोठार व त्याचे कारभारी

गेल्या वर्षीं जून महिन्यांत शाळेच्या हॉलमध्यें विद्यार्थ्यांचीं वजनें घेण्यांत आलीं. एका स्थूल मुलाची पाळी येतांच कांट्यावरील आंकडा मोठ्यानें वाचला गेला, मुलें हंसलीं, आणि "जरा कमी खात जा रे," असें आम्हीही सहज बोलून गेलों. त्या दिवशीं तो मुलगा डबा न उघडतांच घरीं गेला. पुढें आम्हीं या विषयावर बरेंच वाचन केलें, तेव्हां आमचें तें वाक्य कठोर तर होतेंच, परंतु शास्त्रदृष्ट्या अपुरेंही होतें असें आम्हांस आढळून आलें. वाचनांत जें हातीं लागलें तें विद्यार्थी व त्यांचे आईबाप यांच्यापुढें ठेवीत आहों.

'अंगांत चरबी आली' असें आपण एखाद्या उन्मत्तास म्हणतों. वास्तविक चरबी ही एक शिल्लक होय. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत धान्य सांठवून ठेविलें, तसेंच आपलें शरीरही करितें. साखर किंवा पिष्ट यांच्या एका ग्रॅमपासून सुमारें ४ उष्मांक मिळतात, तर चरबीच्या एका ग्रॅमपासून ९. यकृत व स्नायु मिळून साखरेचा जो सांठा ठेवितात तो सुमारें अर्धा किलो, म्हणजे जेमतेम एका दिवसाची बेगमी. उलट दहा किलो चरबींत ९०,००० उष्मांक असतात. रोजचे २,००० खर्च होतात असें धरिलें तर तेवढ्यावर दीड महिना निभावतो.

या कोठाराची देवघेव जे पाहतात, त्या रक्तांतून हिंडणाऱ्या निरोप्यांस हॉर्मोन अथवा संप्रेरकें म्हणतात. जेवणानंतर रक्तांत साखर वाढली कीं स्वादुपिंड इन्शुलिन सोडितें. तें पेशींकडून साखर आंत घेवविंतें, चरबी सांठवावयास लाविंतें, आणि सांठलेली चरबी बाहेर जाऊं देत नाहीं. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें हस्तगत केलें. तत्पूर्वीं मधुमेहाच्या ज्या प्रकारांत शरीर इन्शुलिन करीतच नाहीं, तो ज्या मुलांस जडे तीं कितीही जेवलीं तरी वाळून अस्थिपंजर होत. अन्न येई, पण तें कोठारांत ठेवणाराच कोणी नसे! उपाशी पोटीं व श्रमाच्या वेळीं इन्शुलिन उतरतें, ॲड्रिनॅलिन पुढें येतें, आणि कोठाराचें दार उघडतें.

परंतु आमचें मन सर्वांत अधिक वेधलें तें उंदरांच्या हकीकतीनें. १९४९ सालीं अमेरिकेंतील मेन संस्थानांत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत कांहीं विलक्षण लठ्ठ उंदीर आढळले. भावंडें एकाच आईचीं, अन्नही तेंच; तरी हे उंदीर अखंड खात आणि इतरांच्या तिप्पट वजनाचे होत. भावंडांइतकेंच मोजून अन्न दिलें तरीही त्यांच्या अंगीं चरबी अधिकच सांठे. कारण उलगडण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथें जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, चरबीच्या पेशी स्वतःच एक संप्रेरक निर्माण करितात. 'कृश' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास लेप्टिन हें नांव मिळालें. कोठार भरलेलें आहे, हा निरोप लेप्टिन मेंदूस पोंचवितें. त्या उंदरांत तें मुळींच नव्हतें. म्हणून मेंदूस कोठार सदा रिकामें भासे.

पुढें इंग्लंडांत केंब्रिज येथील डॉक्टरांस एकाच कुटुंबांतील दोन मुलांत हाच दोष आढळला. त्यांपैकीं नऊ वर्षांच्या मुलीचें वजन ९४ किलो होतें. लेप्टिनचीं इंजेक्शनें सुरू होतांच तिची भूक आटोक्यांत आली, व बारा महिन्यांत वजन सोळा किलोंहून अधिक उतरलें. हा दोष अतिशय विरळा होय. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तांत लेप्टिन भरपूर असतें. मेंदू मात्र तो निरोप पुरता ऐकत नाहीं. आणि जो एकाएकीं उपास धरतो त्याचें लेप्टिन झपाट्यानें उतरून भूक उलट खवळते. "कमी खा" हे आमचे दोन शब्द त्या मुलाच्या कानीं पडले खरे, पण त्यांची गांठ कोणाशीं होती हें आम्हांस कोठें ठाऊक होतें?

येथें मुलींच्या आयांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. वयांत येतांना स्त्रीसंप्रेरकांमुळें नितंब व मांड्या यांवर चरबी सांठते. ती निसर्गाची योजना असून तिच्या भयानें रात्रीचें जेवण सोडणें घातक आहे. मुलग्यांत त्याच वयांत स्नायु वाढतात.

तर मग आहार व व्यायाम यांस कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, आणि पुष्कळ आहे. बाटलींतील गोड पेयांनीं पोट भरल्यासारखें वाटत नाहीं, पण साखर रक्तांत तत्काळ चढते. भाकरी, मटकीची उसळ व पालेभाजी सावकाश पचतात. व्यायामाविषयीं मात्र भलती आशा नसावी: अर्धा तास भरभर चालून जी ऊर्जा खर्च होते ती नाताळांतल्या एका मोठ्या करंजीनें परत येते. व्यायामाचा खरा लाभ निराळाच. राबणारा स्नायु इन्शुलिनची वाट न पाहतां रक्तांतील साखर ओढून घेतो, आणि कांट्यावर फरक दिसला नाहीं तरी पोटांतील आंतड्यांभोंवतीं सांठलेली चरबी कमी होऊं लागते. हीच चरबी सर्वांत अपायकारक.

आतां जीं सडपातळ मुलें त्या दिवशीं हंसलीं त्यांच्याकडे वळूं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचें एक छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु मोजून पाहतां युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ भरली, तर याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२! पुण्याजवळील सहा खेड्यांतील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो आढळलें, साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५. आमचीं बालकें स्नायूंनीं पुष्कळच उणीं, परंतु पाठीवरील कातडीखालची चरबी त्या मानानें फारशी कमी नाहीं. आपल्या लोकांत मधुमेह लवकर व सडपातळ माणसांसही कां होतो याचें एक कारण येथें सांपडतें. गर्भिणीच्या ताटांत काय पडतें हा प्रश्न म्हणूनच तिच्या मुलाच्या चाळिशीपर्यंत पोंचतो.

यंदा तोच कांटा हॉलमध्यें पुन्हा आला. सर्व मुलांचा कमरेचा घेरही घेतला, सडपातळ मुलांचासुद्धां. आणि आंकडे मोठ्यानें न वाचतां ज्याच्या त्याच्या चिठ्ठीवर लिहून दिले.