चढावर झटके मारणारी पद्मिनी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. भाऊंची पद्मिनी गाडी सपाट रस्त्याला झकास पळते, पण खंबाटकीचा अर्धा चढ झाला की झटके मारते, आणि बाजूला घेऊन जरा वेळ आयडलिंगला ठेवली की काही घडलंच नाही अशी पुन्हा निघते. गॅरेजवाला म्हणतो, कार्ब्युरेटर बदला. बदलू नकोस. पद्मिनीचा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. आज नवा म्हणून जो गळ्यात मारतील त्याचे जेट कुठल्या मापाचे असतील कोण जाणे. तुझा सोलेक्स जुना असला तरी अस्सल आहे.

गाडी नेमकी कधी अडखळते हे आधी बघायचं, पाना नंतर उचलायचा. पाय दाबताक्षणीच गचका खात असेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम गेलेला असतो. आयडलिंगला बंद पडते आणि रेस दिली की बरी, तर स्लो जेटमध्ये कचरा, नाहीतर कार्ब्युरेटरच्या खालच्या पॅकिंगमधून एअर घेते. तुझी तऱ्हा निराळी. चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, फ्लोटच्या वाटीत येतं कमी. वाटी रिती होते. उभ्या गाडीला लागतंच थोडं, तेवढ्यात ती भरते. म्हणजे अडचण वाटीच्या अलीकडे, टाकी ते पंप या वाटेवर असावी.

खात्री करून घे. झटके सुरू झाले की लगेच इंजिन बंद कर, एअर फिल्टर काढ आणि कार्ब्युरेटरच्या घशात बघत ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढ. आतल्या बारीक पितळी नळीतून पेट्रोलची धार उडायला हवी. उडाली तर वाटीत पेट्रोल आहे; मग पॉइंट आणि कंडेन्सर तपास. थंडीत गुणी आणि तापले की दगा देणारे कंडेन्सर मी पुष्कळ पाहिलेत. धार नाही आली, तर पुढचं वाच.

पहिल्यांदा फुकटचं काम. टाकीचं झाकण उघड. हवा आत ओढल्याचा सुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, आणि अख्खं दुखणं तेवढंच असू शकतं. मग पेट्रोलचा फिल्टर बदल. मग टाकीकडून पेट्रोलच्या एसी पंपाकडे येणारे रबरी होज वाकवून बघ. ही बाजू ओढीची असते, त्यामुळे होजला चीर असली तरी पेट्रोल गळतंच असं नाही, आत हवा शिरते. पंपावर गळतीचा डाग नाही म्हणून सगळं ठीक, असं मानणारे इथेच फसतात. होज बदलताना इथेनॉलला टिकणारेच माग. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं.

शेवटी पंप. कॉइलची वायर काढून ठेव, कार्ब्युरेटरकडचा होज बाटलीत सोड आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. ठोक्याठोक्याला पेट्रोल जोरात यायला हवं. नुसतं ठिबकलं तर डायफ्राम गेला. मग डिपस्टिक काढून वास घे. फाटक्या डायफ्राममधून पेट्रोल ऑइलमध्येही उतरतं, आणि तसं झालं असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी हलवू नकोस. फिल्टर, होज, पंपाची ही कामं उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर. शेजारी कुणी बिडी ओढत असेल तर त्याला आधी घालव.

एप्रिल-मेच्या दुपारीच त्रास होत असेल तर पंपावर ओलं फडकं टाकून बघ. आत पेट्रोलची वाफ झाली असेल तर गाडी लगेच सुधारते.

आणि कधी जेट काढलेस तर त्यात तार खुपसू नकोस. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पीत सुटते. हवेने फुंकून साफ कर, बस्स.

पंपाचं किट आणायला जाशील तेव्हा जुना डायफ्राम सोबत ने. दुकानदार ‘फियाटचाच आहे’ म्हणून काहीही देतात. भोकं जुळवून बघ, मग पैसे दे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
अण्णामामा