हप्त्याला हंगाम कळत नाही

आमच्याकडे पैसा हंगामाने येतो. एप्रिल-मेमध्ये वाशीच्या बाजारात आंब्याच्या पेट्या जातात, हातात चार पैसे खेळतात. पावसाळ्याआधीची आगोटीची खरेदी उरकली की पुढे वर्षभर बाग नुसता खर्च मागते: खत, साफसफाई, मोहोरावरच्या फवारण्या, राखणदाराचा पगार. मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमारांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका किनाऱ्याला. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने, ठरल्या तारखेला. हौसेची महागडी गाडी कर्जावर घ्यायच्या विचारात असलेल्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं, म्हणून आमच्या घरात घडलेलं लिहितो आहे.

एका चांगल्या हंगामानंतर धाकट्या भावाने फोर बाय फोर घेतली. बागेच्या कामाला पिकअप होता, बाजारहाटाला स्कूटर होती. ही गाडी निव्वळ हौसेची, आणि हौस असण्यात गैर काहीच नाही. राबणारा माणूस आहे तो. पण शोरूममध्ये सगळं बोलणं हप्त्याभोवतीच फिरलं. पाच वर्षांचा हप्ता जड वाटला तेव्हा सात वर्षांचा पुढे केला गेला. विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज, सगळं कर्जातच बसवलं.

पुढच्या वर्षी मोहोर छान आला आणि अवकाळी पावसाने गेला. राहिलेल्यावर थ्रिप्स पडले. पावसाळ्यात खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला. कर्ज देणाऱ्यांचा दंड वेगळा, बँकेचा बाउन्स चार्ज वेगळा. पुढचे हप्ते चुकू नयेत म्हणून फवारणीचं औषध उधारीवर आलं, तेही उशिरा. खरा घात इथे झाला. हौसेचं कर्ज पोटाच्या धंद्यावर चढलं.

दरम्यान गाडी बहुतेक वेळ मांगराबाहेर उभी. एकदा ती जॅकवर घेतली आणि मी खाली वाकून पाहिलं. सायलेन्सरच्या क्लॅम्पवरून बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हाताला आले. चॅसिसच्या सांध्यांत पुळणीवरची वाळू तशीच होती. खाऱ्या हवेत उभ्या गाडीचीही झीज होते. शेवटी सगळ्यांनी बसून गाडी विकायचं ठरवलं. आलेली रक्कम जवळजवळ सगळी कर्ज मिटवण्यातच गेली. सुरुवातीला भरलेलं डाउन पेमेंट आणि भरलेले हप्ते परत आले नाहीत.

हे असं का होतं, ते आकड्यांत पाहा. १५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता साधारण २४,९०० रुपये. पहिल्या हप्त्यातले १२,५०० रुपये व्याजाचेच. दोन वर्षांत सहा लाखांच्या आसपास भरूनही पावणेबारा लाख शिल्लक राहतात. पूर्ण मुदतीत व्याज जातं सुमारे ५ लाख ९२ हजार. तिकडे विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांनी आणि दोन वर्षांनंतर ३० टक्क्यांनी कमी धरली जाते. कर्ज सावकाश उतरतं, किंमत भराभर उतरते.

मोटारसायकल घेणाऱ्यांनी ‘फ्लॅट’ दरापासून विशेष सावध राहावं. २ लाखांवर १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे ६० हजार व्याज. मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागतं, त्यामुळे खरा दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी अशा किरकोळ कर्जांसाठी मुख्य माहितीचं पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ते वाचल्याशिवाय सही करू नका. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती आकार लागेल, तेही तिथेच विचारून घ्या.

कर्ज वाईट नाही. आमच्या पिकअपचंही कर्जच होतं, पण तो पेट्या वाहून स्वतःचा हप्ता स्वतः काढायचा. हौसेची गाडी कमावत नाही, म्हणून ती साठवलेल्या पैशातूनच यावी. मी मोटारसायकल घेतली ती अशीच. दर मे अखेरीला घरखर्च, बागेचा पुढचा खर्च आणि आजारपणाची तजवीज बाजूला काढायची. उरेल त्यातली ठरावीक रक्कम वेगळ्या ठेवीत. ठेव शक्यतो बँकेत ठेवा. तिथे ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. कर्जाविना, रोखीने घेणं म्हणजे नोटा मोजून देणंही नव्हे. आयकर कायद्याने एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारता येत नाही. चेक किंवा आरटीजीएस करा. आणि तिजोरी पार रिकामी होणार असेल तर रोखीनेही घेऊ नका. वर्षातून चार दिवस फिरायचं असेल तर भाड्याची गाडी पुरते.

कर्ज घेऊन बसला असाल, तर हंगामाचा पैसा आला की आधी मुद्दल कमी करा, पण करारात त्याची मुभा आणि आकार तपासून. हप्ता चुकणार असं दिसलं तर तारखेआधी कर्ज देणाऱ्याकडे जाऊन बोला. कर्ज फिटल्यावर ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. आणि पहिला हप्ता अडला त्याच दिवशी घरात सांगा. भावाने सांगितलं म्हणूनच आम्हाला गाडी वेळेत विकता आली आणि बाग वाचली. गाडी पुढच्या चांगल्या हंगामात पुन्हा घेता येईल. गहाण पडलेली कलमं सोडवायला मात्र उभी हयात जाते.