हालश्टाटला जा, पण मुक्कामाला

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो, गावाचं नाव ठाऊक नसलं तरी. गडद तळं, काठावर एकावर एक चढलेली लाकडी घरं, मधोमध टोकदार मनोऱ्याचं चर्च आणि मागे पाण्यातूनच उठल्यासारखा सरळसोट डोंगर. व्हिएन्ना आणि साल्झबुर्गहून निघणाऱ्या सहली हे गाव अर्ध्या दिवसात उरकतात. जेमतेम साडेसातशे वस्तीच्या या गावात गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत माणसं उतरतात. त्यातली बरीचशी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात, एकाच रस्त्यावर, एकाच कोपऱ्यावरून तोच फोटो काढत असतात. डोंगर चालणाऱ्या माणसाने हालश्टाट असं पाहू नये. किमान तीन रात्री राहावं. सकाळ-संध्याकाळ गावाला द्यावी आणि मधला अख्खा दिवस डोंगराला.

मुक्काम हालश्टाटमध्येच हवा असं नाही. तळ्याच्या दक्षिण टोकाला ओबरट्राउन नावाचं पसरट, शांत गाव आहे. खोल्या तुलनेने स्वस्त, रेल्वे स्टेशन गावातच, पोहायला हिरवळीचा काठ, आणि क्रिपेनश्टाइन डोंगरावर जाणाऱ्या केबल कारचा पायथाही इथलाच. हालश्टाटला जायला बस आहे. चालणाऱ्यांसाठी माझी पसंती ओबरट्राउनलाच.

पोचण्याचा उत्तम मार्ग रेल्वेचा. व्हिएन्नाहून आटनांग-पुखहाइमला गाडी बदलायची, साधारण साडेतीन तास लागतात. साल्झबुर्गहून बसने बाड इश्ल आणि तिथून रेल्वे हा पर्यायही चांगला आहे. हालश्टाटचं स्टेशन गावात नाही, तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. गाडीतून उतरलं की थोडं खाली धक्का लागतो. होडी गाडीच्या वेळेला जोडलेली असते आणि दहाएक मिनिटांत गाव समोरून जवळ येत जातं. पण संध्याकाळी उशिराच्या गाडीला होडी मिळत नाही. उशिरा पोचणार असाल तर पुढच्या ओबरट्राउन स्टेशनवर उतरा. गाडी भाड्याने घेऊन जाण्यात फायदा नाही. गावात बाहेरच्या वाहनांना मज्जाव आहे आणि वाहनतळ सकाळीच भरतात.

जून ते सप्टेंबर हा चालण्याचा काळ. त्यातही सप्टेंबर सर्वांत चांगला: हवा स्वच्छ, वादळं कमी, शाळांच्या सुट्ट्या संपत आलेल्या. जूनमध्ये खाली कुरणं फुलांनी भरलेली असली तरी वरच्या पठारावर बर्फाचे पट्टे शिल्लक असतात आणि वाटेच्या खुणा त्याखाली गाडलेल्या असतात. नोव्हेंबर आणि एप्रिल टाळा. दोन हंगामांच्या मधल्या या दिवसांत केबल कार आणि बऱ्याच खानावळी बंद असतात.

गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५१० मीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही थोडी कमी. त्यामुळे विरळ हवेचा त्रास नाही. पण याच काठावरून डाखश्टाइनचं शिखर २,९९५ मीटरपर्यंत जातं. एका दिवसात उन्हाळ्यातून हिमनदीच्या थंडीत जाता येतं, म्हणून सॅक भरताना कुठल्या गावाला निघालोय यापेक्षा किती उंचीवर जाणार याचा विचार करावा.

हे गाव इथे का वसलं, याचं उत्तर मिठात आहे. गावाच्या डोक्यावरच्या दरीत सुमारे सात हजार वर्षांपासून मीठ काढलं जातंय. १८४६पासून खाणीतला अधिकारी योहान गेऑर्ग रामसाउअर याने इथल्या जवळजवळ हजार प्राचीन कबरी उकरल्या, प्रत्येकीची नोंद आणि रंगीत चित्रं करून ठेवली, आणि युरोपातल्या लोहयुगाच्या सुरुवातीच्या काळाला पुरातत्त्वज्ञ आज ‘हालश्टाट संस्कृती’ म्हणतात. खाणीत सापडलेला लाकडी जिना इसवी सनपूर्व १३४४च्या सुमारास तोडलेल्या झाडांचा आहे. मिठाने तो कुजू दिला नाही. खाण मार्गदर्शकासह पाहता येते. आत वर्षभर जेमतेम ८ अंश तापमान असतं, तेव्हा ऐन जुलैतही जाकीट लागतंच. वर जायला रुळांवरची उतार-रेल्वे आहे. ती कधी दुरुस्ती-नूतनीकरणासाठी दीर्घकाळ बंद असते, म्हणून आधी चौकशी करावी. वळणावळणाची पायवाट तासाभरात वर नेते आणि चालणाऱ्याने तीच धरावी.

गावातली एक जागा मात्र चुकवू नका. कॅथलिक चर्चमागच्या छोट्या प्रार्थनाघराच्या तळघरात बाराशेहून अधिक कवट्या ओळीने मांडलेल्या आहेत. डोंगर आणि पाणी यांच्या चिंचोळ्या पट्टीत दफनभूमीला जागाच नाही. म्हणून पूर्वी दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडून अस्थी बाहेर काढत, उन्हात वाळवत आणि कबर पुढच्याला देत. निम्म्या कवट्यांवर रंगकाम आहे. कपाळावरून फिरलेला हिरव्या पानांचा किंवा गुलाबांचा वेल, मधे नाव, खाली सालं. भीतीदायक असं काही वाटत नाही. घरच्यांनी शेवटचं नीटनेटकं करून ठेवल्यासारखं वाटतं. १९८३ साली वारलेल्या एका बाईंची कवटी त्यांच्या इच्छेनुसार १९९५ साली इथे ठेवली, ती शेवटची.

आता चालीकडे.

पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो, म्हणून एखर्न दरी धरा. गावाच्या लान भागातून निघणारी वाट सपाट सुरू होते, दोन्हीकडे कातळभिंती जवळ येत जातात आणि तासा-दीड तासात वाल्डबाखश्ट्रुब धबधबा समोर येतो. वाटेत हिमनदीच्या पाण्याने घासून गुळगुळीत केलेले रांजणखळगे आहेत. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना ही घडण लगेच ओळखू येईल.

अजून उत्साह असेल तर तळ्याच्या पूर्व काठाची वाट. ओबरट्राउनहून श्टेगपर्यंत पाण्याला लागूनच जाते, मधे एके ठिकाणी कड्याला धरून झुलता पूलही आहे. चढ जवळजवळ नाही, मुलांना घेऊन जाण्यासारखी. समोरच्या काठावरचं हालश्टाट इथून पूर्ण दिसतं आणि गर्दी नसते.

पश्चिमेकडच्या डोंगरउतारावरून जाणारी ‘सोलेवेग’ ही मिठाच्या पाण्याची वाट आहे. मीठ उकळायला लाकूड लागायचं आणि इथलं रान अपुरं पडू लागलं. तेव्हा लाकूड इथे आणण्याऐवजी खारं पाणीच लाकडापाशी नेलं: १५९५ ते १६०७ या काळात सुमारे तेरा हजार पोकळ ओंडके जोडून एबेनझेपर्यंत ४० किलोमीटरची नळवाट घातली. आजची नळी तुम्हाला वाटेशेजारी दिसत राहते. दरडींमुळे या वाटेचे काही टप्पे अधूनमधून बंद करतात. ‘गेश्पेर्ट’ अशी पाटी असेल तर बंद म्हणजे बंद, बाजूने जायचा प्रयत्न नको.

एक दिवस गोसाउच्या तळ्याला ठेवा. बसने जाता येतं, गोसाउम्युलला बदलावी लागते. पहिल्या तळ्याची फेरी तासाभराची, सपाट. त्यापुढे जंगलातून तास-दीड तास चढून गेलं की मागचं तळं, आणि बहुतेक लोक पहिल्यावरूनच परततात. डाखश्टाइन आणि त्याची आक्रसत चाललेली हिमनदी पहिल्या तळ्याच्या काठावरून अगदी समोर असते. वारा पडलेल्या सकाळी पाण्यात पूर्ण प्रतिबिंब मिळतं. तळ्याचं पाणी विजेसाठी वापरतात, त्यामुळे वसंताच्या सुरुवातीला पातळी बरीच खाली गेलेली असते.

आणि सर्वांत स्वच्छ दिवस राखून ठेवा क्रिपेनश्टाइनसाठी. केबल कारचा पहिला टप्पा शोनबेर्गआल्मला थांबतो, तिथे प्रचंड बर्फाची गुहा आहे. दुसरा टप्पा सुमारे २,१०० मीटरवर सोडतो. तिथून अर्ध्या तासावर ‘फाइव्ह फिंगर्स’, कड्याबाहेर काढलेले पाच सज्जे, खाली जवळजवळ चारशे मीटर मोकळी हवा आणि त्याखाली सगळं तळं. बहुतेक लोक इथून परत फिरतात. तुम्ही फिरू नका. पठारावरची हाइलब्रॉनर फेरी तीनेक तासांची आहे आणि खरा डाखश्टाइन तिथे भेटतो: पांढरा, झिजलेला, भेगाळलेला चुनखडीचा कातळ, मधेच बुटक्या पाइनची झुडपं.

सह्याद्रीत चालणाऱ्याने इथे एक सवय बदलायची असते. आपल्याकडे किल्ल्यावर टाकं असणार हा भरवसा असतो, कारण आपला कातळ पाणी धरतो. चुनखडी पाणी पिऊन टाकते. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून थेट पोटात जातं, वर झरा नाही, ओढा नाही. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्यावं. गावातलं नळाचं पाणी निःशंक प्या. कारंज्यावर ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलं असेल तर तेवढं पिऊ नका.

हाइलब्रॉनर फेरीवर एक क्रूस लागतो. एप्रिल १९५४मध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉनचे दहा विद्यार्थी आणि तीन शिक्षक या पठारावर हिमवादळात सापडले. हवा बिघडतेय, मागे फिरा, असं त्यांना वाटेत सांगितलं गेलं होतं. तेराही जण गेले. उन्हाळ्यात इथे दुपारनंतर गडगडाटी वादळं झपाट्याने चढतात, आणि ढग उतरला की एकसारख्या दिसणाऱ्या कातळावर दिशा हरवते. पहिल्या केबल कारने वर जावं, दोनपर्यंत परतीच्या टप्प्यात असावं, आणि परतीच्या शेवटच्या कारची वेळ वर जातानाच पाहून घ्यावी.

वाटांच्या खुणा मात्र आदर्श आहेत. दगडावर लाल-पांढरा-लाल पट्टा आणि वाटेचा क्रमांक, फाट्यावर पिवळी पाटी आणि तिच्यावर लागणारा वेळ. लाल ठिपका म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. काळ्या वाटेवर तारेचे दोर, उघडे कडे येतात. रोहिडा-राजगड सहज करणाऱ्याला लाल वाट झेपते. डाखश्टाइनचं शिखर स्वतंत्र प्रकरण आहे: हिमनदी, दोर, क्रॅम्पॉन. वाटाड्याशिवाय नाही.

डोंगरातल्या निवाऱ्यात एक रात्र काढता आली तर जरूर काढा. २,२०३ मीटरवरचं सिमोनीहुट हे हालश्टाटच्या हिमनदीशेजारी आहे. आरक्षण आधी करावं, रोख युरो जवळ असावेत, झोपायला पातळ चादरीची पिशवी स्वतःची न्यावी लागते. बूट दाराशी काढून ठेवायचे, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. जेवणात शाकाहारींनी ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ म्हणजे मांस नको, डुकराचं मांस नको, असं दोन्ही सांगावं. कारण श्पेक तुकड्यांच्या रूपात कशातही येतो. चीज घातलेले श्पेट्सलं आणि काइझरश्मार्न, म्हणजे फाडलेला जाड गोड पॅनकेक, यांवर चालणाऱ्याचं पोट उत्तम भरतं.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च त्यात धरलेला असेलच असं नाही. हेलिकॉप्टरचं बिल मोठं असतं. पॉलिसी उघडून ते कलम वाचा. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं सदस्यत्व परदेशी माणसालाही घेता येतं, त्यात बचावकार्याचा विमा असतो आणि निवाऱ्यांत सवलतही.

गावात फिरताना आवाज बेतात ठेवा. घरांच्या अंगणात, जिन्यांवर फोटोसाठी चढू नका. ती राहती घरं आहेत. २०२३ साली इथल्या लोकांनी गर्दीविरुद्ध रस्त्यावर येऊन निदर्शनं केली होती. मुक्काम करणारा, दुकानात ‘ग्र्युस गॉट’ म्हणून नमस्कार करणारा पाहुणा त्यांना नकोसा नसतो.

निघण्यापूर्वी फोनमध्ये दोन क्रमांक नोंदवून ठेवा: ऑस्ट्रियातल्या पर्वतीय बचावासाठी १४० आणि युरोपभर चालणारा ११२. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा विजेरीने मिनिटाला सहा खुणा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन खुणांनी येतं. सोबतच्या प्रत्येकाला हे पाठ असू द्या.